जहाजांच्या अखेरीचा खर्च कोणी उचलायचा? हाँगकाँग करार आणि चक्रीय अर्थव्यवस्थेतले देशांचे सहकार्य

लेखक: सागरवेध

चक्रीय अर्थव्यवस्थेसाठी, म्हणजे वस्तू टाकून न देता पुन्हा पुन्हा वापरात आणण्यासाठी, देशांनी एकत्र यावे, यावर आता फारसा मतभेद उरलेला नाही. मार्च २०२५ मध्ये जयपूरला आशिया आणि पॅसिफिक प्रदेशातील देशांचा बारावा 'थ्री आर (वापर कमी करणे, पुनर्वापर, पुनर्चक्रण) आणि चक्रीय अर्थव्यवस्था मंच' भरला आणि त्यातून जाहीरनामाही निघाला. त्यापूर्वी २०२३ मध्ये जी-२० च्या अध्यक्षपदाच्या काळात भारताने या विषयावर उद्योगांची एक आंतरराष्ट्रीय आघाडी उभी केली. अशा व्यासपीठांचे महत्त्व मी नाकारत नाही. परंतु सहकार्य कुठे टिकते आणि कुठे तुटते हे पाहायचे असेल, तर जाहीरनाम्यांपेक्षा एखादी प्रत्यक्ष वस्तू हाती घ्यावी लागते. त्यासाठी मला मालवाहू जहाज सर्वांत योग्य वाटते, कारण ते एका देशात बांधले जाते, दुसऱ्या देशात नोंदवले जाते, त्याचा मालक तिसऱ्या देशात असतो आणि पंचवीस-तीस वर्षांनी ते चौथ्याच देशाच्या किनाऱ्यावर मोडले जाते.

जहाज ही जगातील सर्वाधिक पुनर्वापर होणाऱ्या वस्तूंपैकी एक आहे. त्याच्या रिकाम्या वजनापैकी सुमारे ९५ टक्के भाग, म्हणजे मुख्यतः पोलाद, पुन्हा वापरात येतो. भारताच्या २०१९ च्या पोलाद भंगार धोरणातील हिशेबानुसार एक टन भंगार वापरले की १.१ टन लोहखनिज, ६३० किलो कोकिंग कोळसा आणि ५५ किलो चुनखडी वाचते. जहाजाचा जाड पत्रा तर अनेकदा वितळवावाही लागत नाही. तो कापून, तापवून री-रोलिंग मिलमध्ये सरळ लाटला जातो. इंजिने, जनित्रे, पंप, केबल, दारे, गाद्या आणि स्वयंपाकघरातील भांडी यांना वेगळा बाजार आहे. गुजरातमध्ये भावनगरहून अलंग या जहाजतोडणीच्या किनाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दुतर्फा या सामानाची दुकाने दूरवर पसरलेली दिसतात. धोरणकर्त्यांच्या भाषेत 'चक्रीय' हा शब्द रूढ होण्याच्या कितीतरी आधीपासून हे चक्र फिरत आहे. अलंगच्या किनाऱ्यावर पहिले जहाज १९८३ मध्ये चढवले गेले.

अडचण उरलेल्या थोड्या टक्क्यांत आहे. जुन्या जहाजांत अॅस्बेस्टॉस (फुप्फुसांना घातक खनिज तंतू) असते, केबल आणि रंगांमध्ये पीसीबी ही विषारी रसायने असतात, तळावर ट्रायब्युटिल टिन या विषारी रसायनाच्या रंगाचे थर असतात आणि टाक्यांच्या तळाशी तेलाचा गाळ असतो. हे सर्व उधाणाच्या भरतीबरोबर किनाऱ्यावर येते. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीतील फरक दहा मीटरच्या आसपास असल्यामुळे भले मोठे जहाज स्वतःच्या इंजिनाच्या बळावर चिखलात घुसवता येते आणि ओहोटी लागली की ते कोरड्यावर उभे राहते. गोदी बांधण्याचा खर्च निसर्गाने वाचवला. पण गॅस कटरखाली काम करणाऱ्या माणसाच्या फुप्फुसांचा आणि भरतीरेषेतील चिखलाचा खर्च कोणाच्याही खातेवहीत आला नाही. ओडिशा, उत्तर प्रदेश, बिहार आणि झारखंड येथून आलेल्या मजुरांनी तो सोसला. हाच प्रकार बांगलादेशात चट्टोग्रामजवळच्या सीताकुंड येथे आणि पाकिस्तानात गडानी येथे घडला. नोव्हेंबर २०१६ मध्ये गडानीत एका तेलवाहू जहाजाला लागलेल्या आगीत पंचवीसहून अधिक कामगार मृत्युमुखी पडले.

याला उत्तर म्हणून आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने मे २००९ मध्ये सुरक्षित जहाजतोडणीसाठीचा हाँगकाँग करार संमत केला. तो अमलात आला २६ जून २०२५ रोजी. हा विलंब समजून घेण्यासारखा आहे, कारण अंमलबजावणीच्या अटींमध्येच सहकार्याची रचना दडलेली होती. किमान १५ देशांनी मान्यता द्यावी, त्यांच्याकडे जगाच्या व्यापारी जहाजांच्या एकूण टनेजपैकी (जहाजांच्या आकारमानाच्या मापापैकी) ४० टक्के असावे, आणि त्याच देशांची मागील दहा वर्षांतील जहाजतोडणीचे सर्वाधिक वार्षिक प्रमाण त्यांच्या एकूण टनेजच्या किमान ३ टक्के असावे. तिसऱ्या अटीचा अर्थ असा की केवळ श्रीमंत, जहाजे बाळगणारे देश एकत्र येऊन करार लागू करू शकत नव्हते. जिथे जहाजे मोडली जातात त्या देशांची सही त्यांना अनिवार्य होती. नोव्हेंबर २०१९ मध्ये भारत सामील झाला आणि त्याच वर्षी आपल्या संसदेने जहाज पुनर्चक्रण कायदा संमत केला. जून २०२३ मध्ये बांगलादेश आणि लायबेरिया सामील झाले, तेव्हा तिन्ही अटी पूर्ण झाल्या आणि २४ महिन्यांची मुदत सुरू झाली.

या दरम्यान पडद्यामागे जे घडले ते मला कराराइतकेच महत्त्वाचे वाटते. २०१५ मध्ये क्लासएनके या जहाजांची तपासणी करून दाखले देणाऱ्या जपानी वर्गीकरण संस्थेने अलंगच्या काही प्लॉटना (किनाऱ्यावरील जहाजतोडणीच्या जागांना) करारानुरूप असल्याचे दाखले दिले. पुढे २०१७ मध्ये जपानने अलंग-सोसिया किनाऱ्याच्या पर्यावरणीय सुधारणेसाठी सवलतीचे कर्ज देऊ केले. नॉर्वेच्या निधीतून सागरी संघटनेने बांगलादेशात प्रशिक्षणाचा दीर्घ प्रकल्प चालवला. यात परोपकारापेक्षा गरज अधिक होती, हे मान्य करायला हरकत नाही. जपानी आणि नॉर्वेजियन मालकांना जहाजे कुठेतरी मोडायची होतीच, आणि दक्षिण आशिया वगळून तेवढी क्षमता कुठेही नव्हती. तरीही त्या गरजेतून अलंगमधील अनेक प्लॉटवर पाणी न झिरपणारी फरशी आली, कापलेले ठोकळे चिखलात न पाडता क्रेनने उचलले जाऊ लागले आणि कामगारांना प्रशिक्षण मिळू लागले. ज्या सहकार्यात दोन्ही बाजूंचा स्वार्थ उघड असतो ते अधिक टिकते, असे माझे मत आहे.

माझी तक्रार पुढची आहे. करारात जबाबदारी दोघांवर आहे: जहाजावर ज्या देशाचे निशाण आहे, म्हणजे जिथे ते नोंदवलेले आहे, तो देश, आणि जहाज ज्या देशात मोडले जाते तो देश. ज्या मालकाने पंचवीस वर्षे त्या जहाजावर नफा मिळवला, त्याचा देश या व्यवस्थेत कुठेच नाही. अखेरच्या फेरीपूर्वी जहाज एखाद्या कॅश बायरला, म्हणजे जुनी जहाजे रोखीने घेऊन तोडणीसाठी विकणाऱ्या मध्यस्थाला, विकले जाते, तो निशाण बदलून कोमोरोस, पलाऊ किंवा सेंट किट्स अँड नेव्हिस यांसारख्या देशाचे लावतो, आणि मूळ मालकाचा संबंध कागदोपत्री संपतो. ज्या चक्रात नफा एका टोकाला साठतो आणि विषारी अवशेष दुसऱ्या टोकाला, त्या चक्राला मी पूर्ण चक्र म्हणायला तयार नाही. जाणकारांनी यावर सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे.

प्रतिसाद १: मृण्मयी_दे

उत्तम धागा. मी सागरी कायद्याची विद्यार्थिनी आहे, म्हणून दोन मुद्द्यांची भर घालते.

पहिला मुद्दा निशाणाचा. करारात अशी तरतूद आहे की जे देश सामील नाहीत त्यांच्या जहाजांना सामील देशांनी अधिक सवलतीची वागणूक देता कामा नये. म्हणजे कोमोरोसचे निशाण लावून जहाज अलंगला आले, तरी धोकादायक पदार्थांची यादी, त्या जहाजापुरती तयार केलेली तोडणीची योजना आणि अधिकृत प्लॉट या अटींतून त्याची सुटका नाही. त्यामुळे निशाण बदलल्याने नियम चुकवता येतील ही भीती आता बरीच कमी झाली आहे. सागरवेध यांचा मुद्दा नियमांपेक्षा खर्चाचा आहे आणि तिथे मी त्यांच्याशी सहमत आहे. नियम पाळण्याचा सगळा खर्च प्लॉटधारकावर पडतो आणि तो खर्च जहाजाच्या भावातून वसूल करण्याचा एकच मार्ग त्याच्यापुढे असतो. ज्या शेजारी देशात नियम सैल असतील तिथला खरेदीदार टनामागे जास्त भाव देतो आणि जहाज तिकडे जाते.

दुसरा मुद्दा बाझल कराराचा. घातक कचऱ्याच्या सीमापार वाहतुकीवरील हा करार १९८९ चा असून तो १९९२ पासून लागू आहे. त्यातील निर्यातबंदीची दुरुस्ती १९९५ मध्ये संमत झाली, पण ती अमलात यायला ५ डिसेंबर २०१९ उजाडला. या दुरुस्तीनुसार प्रगत देशांतून इतर देशांत घातक कचरा पाठवता येत नाही, आणि मोडण्याच्या हेतूने निघालेले जहाज हे या करारानुसार कचरा ठरू शकते. म्हणजे एका आंतरराष्ट्रीय कराराने अलंगला येण्याची वाट आखून दिली आहे आणि दुसऱ्याने तीच वाट काही देशांपुरती बंद केली आहे. मालकाने हाँगकाँग करारानुसार सर्व दाखले मिळवले, तरी वाटेतल्या एखाद्या बंदरात त्याचे जहाज बेकायदा कचरा म्हणून अडवले जाऊ शकते. दोन्ही करार आपापल्या जागी योग्य आहेत, पण ते एकमेकांशी बोलत नाहीत. सागरी संघटनेने २०२४ मध्ये यासाठी तात्पुरती मार्गदर्शक सूचना तयार केली, परंतु सूचनेने कायद्यातला विसंवाद मिटत नाही.

प्रतिसाद २: उत्तरसमुद्र

मी नोकरीनिमित्त नेदरलँड्समध्ये राहतो आणि बंदर व्यवसायाशी माझा रोजचा संबंध आहे. मृण्मयी यांनी सांगितलेल्या बाझल कराराचे बळ इथे प्रत्यक्ष दिसले आहे. मार्च २०१८ मध्ये रॉटरडॅमच्या न्यायालयाने एका डच जहाज कंपनीला दोषी ठरवले, कारण तिने आपली शीतजहाजे (थंड ठेवायचा माल नेणारी जहाजे) दक्षिण आशियात मोडण्याच्या हेतूने युरोपीय बंदरांतून बाहेर काढली होती. कॅश बायर मध्ये असूनही न्यायालयाने मालकाचा हेतू पाहिला. नॉर्वेतही २०२० मध्ये अशाच एका प्रकरणात जहाजमालकाला तुरुंगवासाची शिक्षा झाली. ते जहाज गडानीला निघाले होते. लंडनच्या अपील न्यायालयाने तर मार्च २०२१ मध्ये असे म्हटले की चट्टोग्रामला जहाजावरून पडून मेलेल्या कामगाराच्या पत्नीचा ब्रिटिश कंपनीविरुद्धचा दावा प्राथमिक टप्प्यावरच फेटाळता येणार नाही. म्हणजे मालकाच्या देशावर जबाबदारी टाकण्याचे काम करारांनी केले नाही, ते न्यायालयांनी एकेका खटल्यातून सुरू केले आहे.

परंतु युरोपची भूमिका मला पूर्णतः पटत नाही. युरोपीय संघाच्या २०१३ च्या नियमानुसार तिथले निशाण असलेली जहाजे केवळ संघाच्या मान्य यादीतील ठिकाणीच मोडता येतात. त्या यादीत युरोपाबाहेरची तुर्कस्तान आणि अमेरिकेतील काही ठिकाणे आहेत. अलंगच्या अनेक प्लॉटधारकांनी अर्ज केले, पैसे घालून सुधारणा केल्या, युरोपीय तपासनीस येऊन गेले. तरीही २०२४ अखेरपर्यंत त्यांच्यापैकी एकालाही त्या यादीत स्थान मिळाले नव्हते. गंभीर अपघातात जखमी झालेल्या कामगाराला वेळेत रुग्णालय मिळेल का, आणि भरतीरेषेत सांडलेले तेल रोखता येईल का, हे त्यांचे प्रश्न रास्त आहेत. मात्र प्रश्न विचारून दार बंद ठेवणे म्हणजे सहकार्य होत नाही. परिणाम असा होतो की युरोपीय मालक निशाणच बदलतात, आणि सुधारलेल्या प्लॉटला सुधारणेचा मोबदला मिळत नाही.

प्रतिसाद ३: रेरोडकर

आमच्या घराण्यात मुंबईतील दारूखाना या भागातल्या भंगार बाजारात दोन पिढ्या जुन्या पत्र्याचा आणि सुट्या भागांचा व्यापार झाला. मुंबईकरांपैकी अनेकांना ठाऊक नसते की रे रोडच्या पूर्वेला, बंदराच्या जमिनीवर, लहान जहाजे आणि बार्ज अलंगच्या आधीपासून मोडले जात आले आहेत. २०१४ मध्ये आयएनएस विक्रांत ही जुनी विमानवाहू नौका मोडली गेली ती याच ठिकाणी.

विक्रांतचे नाव निघाले म्हणून एक गोष्ट नोंदवतो. हाँगकाँग करार युद्धनौकांना लागू नाही. म्हणजे ज्या जहाजांत अॅस्बेस्टॉस सर्वांत जास्त असण्याची शक्यता असते, तीच या कराराबाहेर राहतात. फ्रान्सच्या 'क्लेमांसो' या विमानवाहू नौकेचे उदाहरण जाणत्या वाचकांना आठवत असेल. २००५ च्या अखेरीस ती तुलाँहून अलंगकडे निघाली, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने तिच्या प्रवेशाचा प्रश्न हाती घेतला, आणि फेब्रुवारी २००६ मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष जॅक शिराक यांनी तिला माघारी बोलावले. शेवटी ती इंग्लंडमधील हार्टलपूल येथे मोडली गेली.

तिच्याच बहिणीची कथा अधिक दुःखद आहे. 'फॉश' ही नौका फ्रान्सने २००० मध्ये ब्राझीलला विकली आणि ती 'साओ पाउलो' झाली. ऑगस्ट २०२२ मध्ये ती मोडण्यासाठी तुर्कस्तानकडे ओढून नेली जात असताना तिच्यातील अॅस्बेस्टॉसच्या यादीवर शंका घेतल्या गेल्या आणि तुर्कस्तानने परवानगी मागे घेतली. ती अटलांटिकमधून परत फिरली, पण ब्राझीलच्या बंदरांनीही तिला आत घेतले नाही. अखेर ३ फेब्रुवारी २०२३ रोजी ब्राझीलच्या नौदलाने ती खोल समुद्रात बुडवली. हजारो टन उत्तम पोलाद आणि त्यासोबत ते सर्व विष समुद्रतळाशी गेले. तीन देश, तिघांचेही कायदे, आणि तिघेही आपापल्या कायद्याप्रमाणे वागले. व्यापारी म्हणून मला त्या पोलादाचे जितके वाईट वाटते, त्याहून अधिक वाईट याचे वाटते की तिच्या पोटात नक्की काय आहे याची विश्वासार्ह यादी कोणापाशीच नव्हती.

प्रतिसाद ४: सागरवेध

रेरोडकर, आपल्या प्रतिसादाने या प्रश्नाचे मूळ समोर आणले. यादी हाच खरा कळीचा मुद्दा आहे. करारानुसार आता ५०० ग्रॉस टन (जहाजाच्या आतील एकूण जागेवरून ठरणारे माप) आणि त्याहून मोठ्या नव्या जहाजांना बांधणीपासूनच धोकादायक पदार्थांची यादी बाळगावी लागते, आणि जुन्या जहाजांना २६ जून २०३० पर्यंत किंवा मोडण्यापूर्वी, जे आधी येईल त्याप्रमाणे, ती तयार करावी लागते. यादी आयुष्यभर अद्ययावत ठेवायची असते. दुरुस्तीत एखादा भाग बदलला की त्याची नोंद झाली पाहिजे. चक्रीय अर्थव्यवस्थेत वस्तू बांधणारा देश आणि मोडणारा देश यांच्यातील सर्वांत मौल्यवान देवाणघेवाण ही माहितीचीच असते. चीन, दक्षिण कोरिया आणि जपान येथे जगातील बहुतांश जहाजे बांधली जातात; तिथल्या गोदीत आज भरलेली नोंद पंचवीस वर्षांनी अलंगच्या मुकादमाला सांगणार आहे की कोणता पत्रा कापण्यापूर्वी काय काढून घ्यायचे.

प्रतिसाद ५: वैनतेय

थोडा वेगळा प्रश्न विचारतो. खर्चाचा भार मालकावर टाकण्यासाठी प्रत्यक्षात कोणती रचना शक्य आहे? जहाजमालक सार्वभौम देशांपेक्षाही चपळ असतात. एका देशाने कर लावला तर ते दुसरीकडे नोंदणी करतील. आदर्श व्यवस्थेची मागणी करणे सोपे आहे, ती वसूल कशी होणार हे कोणीतरी सांगावे.

प्रतिसाद ६: मृण्मयी_दे

वैनतेय यांचा प्रश्न योग्य आहे आणि त्याला पूर्वीचे एक चांगले उदाहरण आहे. तेलगळतीच्या नुकसानभरपाईसाठी लंडनमध्ये एक आंतरराष्ट्रीय निधी चालतो. १९९२ च्या करारानुसार, सामील देशांत समुद्रमार्गे वर्षाला दीड लाख टनांहून अधिक तेल घेणाऱ्या कंपन्या त्यात वर्गणी भरतात. भारतही त्यात सामील आहे. या निधीत जहाजाचे निशाण पाहिले जात नाही. तेल कोणी उतरवून घेतले एवढेच पाहिले जाते. त्यामुळे नोंदणी बदलून वर्गणी चुकवता येत नाही.

जहाजतोडणीसाठी असाच विचार युरोपीय आयोगाने २०१६ मध्ये एका अभ्यासातून तपासला होता. युरोपच्या बंदरात येणाऱ्या प्रत्येक जहाजाने, त्याचे निशाण कोणतेही असो, एक परवाना घ्यावा. परवान्याच्या शुल्कातून त्या जहाजाच्या नावाने रक्कम साठत जावी. आणि जहाज मान्यताप्राप्त ठिकाणी मोडले गेले तरच ती रक्कम त्याच्या अखेरच्या मालकाला परत मिळावी. म्हणजे सैल नियमांच्या किनाऱ्यावर मिळणारा जादा भाव आणि ही साठलेली रक्कम यांची तुलना मालकाला स्वतःच करावी लागेल. जहाजमालकांच्या संघटनांनी याला विरोध केला आणि हा विचार प्रत्यक्षात उतरला नाही. माझ्या मते त्यात एक मूलभूत उणीवही होती: रक्कम मालकाला परत मिळते, प्लॉटला मिळत नाही. फरशी, क्रेन, रुग्णालय आणि अॅस्बेस्टॉस काढण्याचे बंदिस्त कक्ष यांचा खर्च पुन्हा प्लॉटधारकाकडेच राहतो.

प्रतिसाद ७: उत्तरसमुद्र

एक व्यावहारिक पुस्ती. जहाजाचा अखेरचा मालक बहुधा कॅश बायर असतो. रक्कम त्याला परत मिळणार असेल, तर तो ती धरूनच मूळ मालकाला वाढीव भाव देईल, म्हणजे फायदा मूळ मालकालाच होईल. आणि तसे झाले तर योजनेचा हेतू साधतो. परंतु यासाठी 'मान्यताप्राप्त ठिकाण' कोण ठरवणार हा प्रश्न सुटला पाहिजे. तो अधिकार एकट्या ब्रुसेल्सकडे, म्हणजे युरोपीय संघाकडे, असेल तर अलंग आणि सीताकुंड यांचा त्यावर विश्वास बसणार नाही. तपासनीसांचे पथक संयुक्त हवे आणि त्यात मोडणाऱ्या देशांचे अधिकारी हवेत.

प्रतिसाद ८: रेरोडकर

आणि कामगारांचे प्रतिनिधी हवेत. प्लॉटवर तपासणी जाहीर झाली की त्या दिवशी सर्वांच्या अंगावर हेल्मेट आणि हातमोजे दिसतात, हे या व्यवसायातल्या कोणालाही ठाऊक आहे. तपासणी न सांगता झाली पाहिजे, आणि मुकादमाला दूर ठेवून कटर चालवणाऱ्याशी त्याच्या भाषेत, ओडियात किंवा भोजपुरीत, बोलले गेले पाहिजे. दुसरे असे की करार प्लॉटच्या फाटकापाशी संपतो. फाटकाबाहेर गेलेल्या केबलचे आवरण कुठे जाळले जाते आणि जुनी काचलोकर (उष्णतारोधक काचतंतू) कोण विकत घेतो, याकडे तपासनीस पाहत नाहीत. आमच्या बाजारातही असा माल येत असे आणि त्याबद्दल कोणी विचारत नसे.

प्रतिसाद ९: सागरवेध

सर्वांचे मनापासून आभार. या चर्चेवरून माझे मत अधिक ठोस झाले आहे, ते मांडतो.

भारत, बांगलादेश, पाकिस्तान आणि तुर्कस्तान हे चार देश मिळून जगात मोडल्या जाणाऱ्या टनेजचा फार मोठा भाग, जवळजवळ ९० टक्के, हाताळतात आणि चौघेही आता हाँगकाँग करारात आहेत. आजवर हे देश एकाच जहाजासाठी एकमेकांविरुद्ध बोली लावत आले. तीच स्पर्धा मालकांच्या पथ्यावर पडली. या चौघांनी एकत्र येऊन सागरी संघटनेपुढे दुरुस्तीचा प्रस्ताव ठेवावा, असे मला वाटते. जगातील प्रत्येक बंदरात ग्रॉस टनेजवर अगदी अल्प शुल्क आकारले जावे, ते जहाजाच्या क्रमांकाशी जोडलेल्या खात्यात जमा व्हावे, आणि जहाज मोडताना त्याचा एक भाग प्लॉटच्या सुरक्षा सुविधांसाठी, एक भाग कामगारांच्या वैद्यकीय निधीसाठी आणि उरलेला विक्रेत्याला मिळावा. सागरी संघटनेच्या व्यवस्थेत मोठ्या जहाजांना मिळणारा क्रमांक नाव किंवा निशाण बदलले तरी बदलत नाही, त्यामुळे खाते त्याच्यासोबतच राहील. रेरोडकरांनी सांगितलेला फाटकाबाहेरचा कचरा मात्र करारातून सुटणार नाही. तो राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळांचा विषय आहे आणि तिथे केबल, काचलोकर आणि गाळ यांच्या प्रत्येक खेपेची नोंद प्लॉटपासून अंतिम विल्हेवाटीपर्यंत सक्तीची केली पाहिजे.

आपल्या नौकानयन महासंचालनालयाचे मुख्य कार्यालय मुंबईत आहे आणि तेच जहाज पुनर्चक्रण कायद्याखालील राष्ट्रीय प्राधिकरण आहे. या क्षेत्रात काम केलेले अनेक मराठी अभियंते, खलाशी आणि सर्वेक्षक या संस्थळावर आहेत. प्रति ग्रॉस टन किती शुल्क पुरेसे ठरेल, याचा हिशेब त्यांच्यापैकी कोणी मांडू शकले तर पुढील चर्चा त्या आकड्यावर करता येईल.